धवळा तुटू नये म्हणून

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, मी झोपेत घोरते हेसुद्धा तो चारचौघांत हसत सांगतो, पण हे त्याला माहीत नाही. भावाला नाही, मुलांना नाही. देवापुढे बसून पुटपुटावं म्हटलं, तर तिथेही जीभ उचलली नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही आणि उद्या सकाळी मला तुमच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. म्हणजे हासुद्धा भित्रेपणाच झाला. असू दे.

सुरुवात कुठून करू? गोळीपासून करते. गोळीबद्दल बोलणं मला सोपं जातं, माणसांबद्दल जड.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, वस्तीतल्या एका मेडिकलमध्ये मी काउंटरला होते. शिक्षण बारावीपर्यंत. औषधातलं जे काही कळत होतं ते दुकानाच्या मालकांनी शिकवलेलं — त्यांना आम्ही काका म्हणायचो. लायसन्स त्यांचं, डोकं त्यांचं, हात माझे. पण मी राहायचे सासरी, जवळच्या वळ गावात, आणि वळमध्ये काका कुठे होते? तिथे मीच डाक्टरीण. कुणाचं डोकं दुखलं, कुणाच्या पोरीला खोकला झाला, की लोक आमच्या ओट्यावर. मलाही ते आवडायचं — खोटं कशाला बोलू. पर्समध्ये दोन-चार पट्ट्या नेहमी असायच्या.

त्यात एक पट्टी असायचीच. जुलाब थांबवणारं औषध आणि गॅसचं औषध, दोन्ही एकाच गोळीत. आमच्या दुकानात ती चण्याफुटाण्यासारखी जायची. बारा तासांची शिफ्ट, लूम सोडून जाता येत नाही, संडासाला रांग — मग माणूस काय करणार? "भाभी, वो बंद करनेवाली दो, ड्यूटी पे जाना है." आम्ही कात्रीनं पट्टी कापून दोन गोळ्या द्यायचो. नाव एका तुकड्यावर राहायचं, सूचना दुसऱ्यावर, आणि आतला कागद तर डब्यातच.

पण काका दर वेळी विचारायचे. रक्त पडतंय का? ताप आहे का? लहान मुलाला हवी आहे का? यातल्या एकालाही 'हो' आलं की गोळी नाही, सरळ डॉक्टरकडे. मला त्यांनी नीट समजावलं होतं. साधे जुलाब असतील तर ही गोळी चांगली; मोठ्या माणसाला, दिवसाला चारच्या वर नाही, दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर. पण रक्त आणि ताप असेल तर आत विष आहे, पोट ते बाहेर टाकतंय. ही गोळी आतड्याची हालचाल मंद करते. चोर घरात असताना बाहेरून कडी लावल्यासारखं होतं ते, असं ते म्हणायचे. पोट फुगायला लागलं तर गोळी तिथेच बंद.

हे मला पाठ होतं. एवढं लक्षात ठेवा — मला माहीत नव्हतं असं नाही.

आता आई.

माझी आई कशेळीची धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्न लावायला धवलारीण लागते, ती बाईच असते. मांडवात पिठाचा चौक काढायचा, पाटावर बसायचं आणि धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायचे. उंबराच्या डहाळीला, हळदीला, नवरीच्या बापाला, नवऱ्याच्या आईला, प्रत्येकाला त्याचा धवळा. तास-दोन तास बाई पाटावरून उठत नाही. आईचं म्हणणं, धवळा मधे तुटला तर नवरा-नवरीला बरं नसतं. खरंखोटं देव जाणे. तिच्या आयुष्यात तो कधी तुटला नव्हता एवढं खरं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि कितीतरी धवळे तिच्या पोटात होते. ती गेली तेव्हा तेही गेले. ते कुणी उतरवून घेतले नाहीत — मीही नाही.

माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात गोडाऊनचं वारं शिरलं होतं. शेतं गोडाऊनवाल्यांना विकली गेली होती, त्या पैशातून दुमजली घर आलं होतं. सासूबाईंचं म्हणणं पडलं की आता डीजे असेल, भटजी असेल, धवलारीण कशाला? मी हट्ट धरला. माझी आईच पाहिजे. तिचं कौतुक होतं म्हणून? थोडं होतं. पण जास्त हे होतं, की मी गरिबाघरची, इतकी वर्षं त्या घरात मान खाली घालून होते, आणि आईनं मांडवात बसून सगळ्यांना गप्प करावं असं मला वाटत होतं. शेवटी सासूबाई तयार झाल्या. म्हणाल्या, "बरं, बसव तुजे आयशीला. पन सोयरी मोठी हान. मधीच काय गडबड नको."

नको म्हणजे नकोच. मीसुद्धा तेच म्हणत होते.

हळदीच्या दिवशी सकाळी आई कशेळीहून आली. रिक्षातून उतरली ती थेट मोरीकडे, संडासाला गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली, परत गेली. मी दाराशी उभी राहिले. तिनं दार थोडं उघडलं, मोठ्या आवाजात बोलायची तिला लाज वाटत होती. पहाटेपासून चालू आहे म्हणाली. मग आणखी खालच्या आवाजात म्हणाली, "बाय, जरा लाल परतंय गो." मी तिचा हात धरला. हात तापलेला होता.

रक्त. ताप. काकांचे दोन्ही प्रश्न, आणि दोन्हींना 'हो'.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतंय. रिक्षा दारातच होती. डॉक्टरकडे वीस मिनिटांत पोचलो असतो. दुसरी धवलारीण मानकोलीला होती, निरोप गेला असता तर आलीही असती. पण मला डोळ्यांसमोर काय दिसलं? सासूबाईंचा चेहरा. त्यांची ती भुवई. 'सांगितलं होतं ना मी' असं न बोलता म्हणणारी.

मी पर्स उघडली आणि आईला दोन गोळ्या दिल्या.

तिनं विचारलंसुद्धा नाही कसल्या ते. तळहातावर घेतल्या, पाणी प्यायली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. दुपारी आणखी एक दिली. दिवेलागणीला हळदीला बसायच्या आधी आणखी एक. गोळीनं आपलं काम चोख केलं. जुलाब थांबले. आई पाटावर बसली, पदर डोक्यावर घेतला आणि आवाज लावला. डीजेवाला पोरगाही मशीन बंद करून ऐकत राहिला. सासूबाईंच्या सोयऱ्यांतल्या एका म्हातारीनं डोळे पुसले. मी खांबाला टेकून उभी होते, आणि तुम्हाला खरं सांगू? मी इतकी खूश कधीच नव्हते. माझ्या स्वतःच्या लग्नातही नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न. सकाळपासून आई मोरीकडे एकदाही गेली नाही. मला ते बरं लक्षण वाटलं — वाटलं की वाटून घेतलं? ती पोटावर हात ठेवून भिंतीशी बसली होती. पोट फुगलंय म्हणाली, वारा सरत नाही, आत पिळून निघतंय. मी लुगड्यावरून हात लावून पाहिला. पोट घट्ट होतं.

आणि इथे मी जे केलं त्याला आजही माझ्याकडे नाव नाही. पोट फुगलं तर गोळी बंद, हे मला पाठ होतं. पण त्याच गोळीत गॅसचंही औषध आहे ना? पट्टीवर छापलंय की — जुलाब आणि गॅस. जुलाब थांबलाय, आता गॅस राहिलाय, मग तीच गोळी त्यालाही चालेल. असं मी मनाला समजावलं. साध्या गॅसची वेगळी गोळी मिळते हे मला माहीत नव्हतं? रोज विकत होते. पण पर्समध्ये हीच होती, बाहेर वऱ्हाडाची माणसं जमत होती, आणि आई उठून बसायला हवी होती. मी तिला आणखी दोन दिल्या. मुहूर्ताच्या आधी पुन्हा एक.

तिनं लग्न लावलं. शेवटच्या धवळ्याला तिचा आवाज खाली गेला, पण तुटला नाही. लोकांना वाटलं, म्हातारी थकली. अक्षता पडल्या, ती पाटावरून उठली आणि मांडवाच्या मागे जाऊन हिरवं ओकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात नेलं. माझा भाऊ आला होता, त्याची बायको भारती आली होती, सासूबाईही होत्या. पोट इतकं फुगलं होतं की तिला धड श्वास घेता येत नव्हता. तरुण डॉक्टर होते, भराभर बोलणारे. आतडं हलायचंच थांबलंय म्हणाले, आत जंतूंचा फार जोर आहे, उशीर झालाय. मग आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, जुलाब बंद व्हायच्या काही गोळ्या दिल्या होत्या का? किती दिल्या?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं. डाक्टरीण मीच होते.

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. एक शब्द. मीठ-साखरेचं पाणी तेवढं दिलं होतं, असंही पुढे जोडलं. आणि खाटेवरून आई — तिला बोलवत नव्हतं, तरी ती बोलली — "न्हाय ओ डाक्टर. माजी पोर दवाच्या दुकानान हाय. ती तसली गोली देल का?"

ती मला वाचवत होती का? की मी दिलेली गोळी 'तसली' असूच शकत नाही, असा तिचा खराच विश्वास होता? या प्रश्नानं मला इतकी वर्षं झोप दिलेली नाही. दोन्हींपैकी कुठलं उत्तर जास्त बरं, तेही मला ठरवता येत नाही. तिला विचारायची हिंमत होईपर्यंत तिची शुद्ध गेली होती.

डॉक्टरांनी पुढे विचारलं, काय खाल्लं होतं? आता कुणीतरी माझी पर्स उघडायला सांगेल असं वाटत होतं — कापलेली पट्टी तिच्यातच होती. मग मीच बोलले. म्हटलं, इकडे यायच्या आदल्या रात्री कशेळीला कोलंबीचं शिळं कालवण खाल्लं होतं.

भारतीनं मान वर केली. नणंदेपुढे, तेही आजारी सासूच्या खाटेशी, ती काय बोलणार?

आई दोन दिवसांनी गेली. मी तेव्हाच खरं बोलले असते तर डॉक्टरांनी काही वेगळं केलं असतं का? माहीत नाही. कुणाला विचारायला जाणार? विचारायचं तर आधी सांगावं लागतं. पट्टीचा उरलेला तुकडा मी त्याच आठवड्यात गटारात टाकला. टाकण्याआधी राहिलेल्या गोळ्या मोजल्या. आईच्या पोटात किती गेल्या ते तुम्ही ऐकता ऐकता मोजलंच असेल, सगळ्यांचा मिळून आकडा मात्र माझ्या तोंडून निघत नाही.

बाराव्याला लोक काय बोलत होते माहीत आहे? पोरीनं आईचं शेवटपर्यंत केलं. पोरगी असावी तर अशी. मी पदर तोंडाला लावून ऐकत होते. रडत होते हे खरं. पण कशासाठी रडते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि चुलीजवळ बायका दुसरंच कुजबुजत होत्या. सुनेनं सासूला शिळं घातलं, म्हातारी त्यानं गेली.

आमच्याकडे लग्नघरी गावच्या बायका मिळून तांदळाच्या भाकऱ्या करतात. शेजारीण, भावकी, सगळ्या परातीभोवती बसतात, गाणी म्हणतात, एकमेकींच्या सासवांची टिंगल करतात. पुढच्या लग्नसराईपासून भारतीला कुणी परातीला बसवलं नाही. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. नुसतं "तू पानी भर गो," "तू कांदा चिर," एवढंच. ती कांदे चिरायची. डाक्टरीण बहीण म्हणते म्हणजे कोलंबीतच काही होतं, असं धरून माझा भाऊ वर्षभर तिच्या हातची कोलंबी जेवला नाही. भाकरीबरोबर सुका बोंबील खायचा आणि उठायचा. मी पाहिलं आहे. माहेरी जाऊन, त्याच घरात जेवून, डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांची मुलगी लहान असताना मला सांगायची, आत्या, आई कालवण केल्यावर सारखी वास घेऊन बघते. गरम असताना घेते, गार झाल्यावर घेते, आणि संध्याकाळी उरलेलं सगळं फेकून देते. मुलगी हसत सांगायची. तिला ती आईची खोडी वाटायची.

एकदा, आई जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील, भारती वळला आमच्याकडे आली होती. घरात आम्ही दोघीच. मी चहा टाकत होते, ती ओट्याला टेकून उभी. अचानक म्हणाली, "ताई, तुमाला दवाचं कलतंय. खरा सांगा, माजेच कालवनानी झाला का ओ?"

तुम्ही असता तर काय केलं असतं? नको, ते विचारत नाही. मी काय केलं ते सांगते. मी पातेल्याकडे बघत राहिले, गॅस बारीक केला आणि म्हटलं, "झालं ते झालं. आता त्याचा विचार करू नको."

'नाही' म्हणाले नाही. डॉक्टरांपुढे जो शब्द पटकन तोंडातून निघाला होता, तोच भारतीसाठी निघाला नाही. ती "हो ना" म्हणाली, कपबशा खाली घेतल्या, चहा प्यायली, माझ्या कपबशाही धुऊन ठेवल्या आणि गेली. त्यानंतर तिनं मला कधीच विचारलं नाही.

मी पुढे बरीच वर्षं त्या दुकानात होते. लोक म्हणायचे, ही बाई फार जपून औषध देते, दहा प्रश्न विचारते. काका निवृत्त होताना सगळ्यांसमोर म्हणाले, ही माझ्याहून कडक आहे. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

मागच्या हिवाळ्यात भारतीच्या मुलीचं लग्न झालं. स्वतःच्या लेकीचं लग्न, स्वतःचं अंगण — तिथे तरी तिला परातीला बसायला कोण अडवणार होतं? पण ती बसली नाही. बायका ओढत होत्या, आता जुनं कुणाच्या मनातही नव्हतं. नव्या सुनांना तर ते माहीतही नव्हतं. ती हसून म्हणाली, नको ओ, माज्या हातचा नको, लेकीचे लग्नान कोनाला काय व्हायला नको. आणि विळी घेऊन मांडवाच्या कडेला कांदे चिरत बसली. तिचे केस पांढरे झालेत. मी समोरच परातीला बसले होते. माझ्या हातच्या भाकऱ्या सगळ्या वऱ्हाडानं खाल्ल्या.

तेव्हा उठून चार पावलं गेले असते तर तिच्याजवळ पोचले असते. नाही गेले.

एक गोष्ट राहिली. ती सांगायची नाही म्हणूनच बहुतेक एवढा वेळ बाकीचं सांगत बसले.

त्या हळदीच्या सकाळी आई मोरीच्या दारात उभी होती, तेव्हा मी तिला विचारलं होतं, काल काय खाल्लंस? दुकानातली सवय. ती म्हणाली, टँकरच्या पाण्याला परवापासून वास येतोय, त्यानंच झालं असेल. आणि कालवणाचं विचारलं तर पोटात कळ येत असतानाही हसली. "भारतीनी ताजी कोलंबी आनलेली गो, उकलता कालवन वाढला मना. दोन येला भात घेतला मी." कशेळीच्या घरात त्या रात्री सगळे तेच जेवले होते. आणखी कुणालाही काही झालं नव्हतं.

कालवण ताजं होतं. हे मला आईनं सांगितलं होतं. 'शिळं' मी म्हटलं.